शेषरावची डावी बाजू

पोळा दोन दिवसांवर आला आहे आणि जाम नदीच्या काठावर गोटे पडू लागले आहेत. घमेल्यातून, पोत्यातून, कुठे ट्रॉलीतून. गोट्यावर गोटा पडला की कोरडा आवाज होतो, दातावर दात आपटावा तसा. माझं घर नदीपासून तीन गल्ल्या आत आहे, तरी ओसरीवर बसलं की तो आवाज येतो. बायको म्हणाली, "खिडकी लावू काय?" म्हटलं, राहू दे. एकवीस वर्षं मी या आवाजाला खिडक्याच लावत आलो. यंदा ऐकून घ्यायचा आहे.

बाहेरच्या माणसाला एवढं सांगितलं पाहिजे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमचं पांढुर्णा आणि पलीकडचं सावरगाव नदीच्या दोन काठांवर समोरासमोर उभी राहतात. मधल्या पाण्यात पळसाचं खोड रोवलेलं असतं, त्याच्या शेंड्याला झेंडा. पांढुर्ण्याने तो तोडून आणायचा, सावरगावने तोडू द्यायचा नाही. दिवसभर गोटे चालतात. कपाळं फुटतात, दात पडतात, कोणाचा हात खांद्यातून लोंबतो. झेंडा देवीच्या देवळात गेला की संपलं. दुपारी ज्यांनी एकमेकांना रक्तात न्हाऊ घातलं, ते सांजेला एकमेकांच्या घरी चहा पितात; कारण अर्ध्या पांढुर्ण्याची सासुरवाडी सावरगावात आहे. आणि या सगळ्याला एक कायदा आहे, कुठे लिहिलेला नाही पण सगळे पाळतात. कोणाचा गोटा कोणाला लागला, हे विचारायचं नाही. ठाण्यात नाही, दवाखान्यात नाही, घरातही नाही. गोटा नदीचा, जखम देवीची.

मी त्या कायद्याच्या आड लपलो. आमच्या गावात जन्मलेला माणूसच हे करू शकतो. दुसऱ्या गावात मला लाठी घ्यावी लागली असती, रात्र निवडावी लागली असती, तोंड बांधावं लागलं असतं. मला फक्त कॅलेंडर बघावं लागलं.

शेषराव सावरगावचा. संत्र्याची कलमं बांधण्यात त्याच्यासारखा हात या पट्ट्यात दुसरा नव्हता. जंभेरी लिंबाच्या कोवळ्या खुंटावर चाकूने एक उभी, एक आडवी चीर. साल अलगद उचलायची आणि संत्र्याच्या काडीवरचा फुटवा, त्याला आम्ही डोळाच म्हणतो, आत सरकवायचा. वरून पट्टी. डोळा हा शब्द लिहिताना माझं बोट थांबतं, पण धंद्यातला शब्द तोच आहे. शेषराव हे काम गाणं गुणगुणत करायचा, जणू लेकराला अंगडं घालतो आहे.

माझा बगीचा तीस एकर. वडिलांनी ठेवला, मी वाढवला. त्याच्या अगदी मधोमध शेषरावचा दीड एकराचा तुकडा होता. एक गोड्या पाण्याची विहीर, एक कडुनिंब आणि त्याखाली जंभेरीच्या रोपांची पन्हेरी. तीस एकरांत मला तो दीड एकरच दिसायचा. माझी झाडं फळांनी वाकलेली असली तरी मी बांधावर उभा राहून त्याच्या विहिरीकडे बघत असे. जेवताना घासात खडा यावा आणि मग आख्खं ताट खड्यांचं वाटावं, तसं. मी तो तुकडा चार वेळा मागितला. चारही वेळा त्याने चहा पाजून परत पाठवलं.

पाचव्यांदा मागितला तो पोळ्याच्या दिवशी, तोरणाखाली. बैल ओळीने उभे, शिंगांना रंग, पाठीवर झुली, बाया ओवाळायला आलेल्या. शेषराव भाच्याच्या बैलांसोबत नदीच्या अलीकडे आला होता. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं. तो हळू बोलणाऱ्यातला नव्हताच. मोठ्याने हसला.

"अरे ऐका ना बाप्पा! ह्या वामनले देवानं तीस एकर देल्लं, तरी हा माझ्या विहिरीत डोकावून राहिला! तहान लागली काय गा? ये, बादली देतो."

सगळे हसले. सालदार हसले, बाया पदरात हसल्या. माझा स्वतःचा बैल मान हलवून घंटा वाजवत होता, तोही हसल्यासारखा वाटला. मीही हसलो. आणि हसता हसता मी ठरवलं.

त्या दुपारी मी नदीवर जाऊन गोटा निवडला. बायका वाटणासाठी वरवंटा निवडतात तसा, हातात फिरवून, वजन घेऊन. काळा, कोंबडीच्या अंड्याहून थोडा मोठा, एका बाजूने चपटा. गोफण माळ्यावर होती, पाखरं हाकायची. गोटमारीत गोफण चालवणं वाईट समजतात, हाताने मारायचं असतं. मी ती सदऱ्याखाली कमरेला गुंडाळली. आधी परसातल्या पपईवर नेम धरून बघितला. पपई फुटली, गर भिंतीवर उडाला. तो गर मी स्वतः पाणी मारून धुतला, बायकोच्या नजरेला पडू नये म्हणून. एवढी अक्कल शाबूत होती. मी रागात होतो, भान नव्हतं, असं आता कोणी माझ्या बाजूने म्हणायला गेलं तर ती धुतलेली भिंत मला आठवते.

दुसऱ्या दिवशी शेषराव सावरगावच्या काठावर एका खडकावर उभा होता. उघडा, डोक्याला पंचा, घामाने चकाकणारा. तो दुपारभर हाताने गोटे मारत होता, पण उंचावरून, पाण्यात पडतील असे. त्याला कोणाला लागू द्यायचं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. त्याने मला बघितलं. दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, "वामन्या! हाण ना बे! हात शिजला काय?"

मी दोन माणसांच्या मागे सरकलो आणि गोफण फिरवली.

लागल्याचा आवाज त्या गदारोळात मला ऐकू यायला नको होता. पण आला. ओल्या मातीच्या मडक्यावर मारल्यासारखा, बसका. शेषराव पडला नाही. कोणी बस म्हटलं म्हणून बसावं तसा तो खडकावर बसला. हात डाव्या डोळ्यावर गेला. बोटांच्या फटीतून रक्त आलं, मनगटावरून कोपरापर्यंत गेलं, कोपरावरून पाण्यात ठिबकलं. आमच्या काठावरून जोराचा गलका उठला, "लागला! लागला!" आणि त्या ओरड्यात माझाही आवाज होता. गोट्याचं मी पुढे देवाजवळ कबूल केलं. त्या ओरड्याचं कबूल करायला मला त्याहून जास्त वर्षं लागली. मला आनंद झाला होता. पोटातून, लहानपणी पतंग काटल्यावर होतो तसा निखळ आनंद.

मग मी काय केलं असेल? मी पाण्यात उडी टाकली. दोन्ही बाजूंचे गोटे अंगावर घेत पलीकडे गेलो, त्याला पाठीवर उचललं आणि माझ्या जीपमध्ये घातलं. जीप माझा सालदार चालवत होता, शेषरावचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तो शुद्धीत होता. "कोन आहे?" म्हणाला. म्हटलं, "मी, वामन." त्याने माझा हात धरला आणि दवाखाना येईपर्यंत सोडला नाही. माझी पँट त्याच्या रक्ताने मांडीला चिकटली होती. गोफण तेव्हाही कमरेलाच होती. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्यात ती मला आवळत होती.

गावात माझं नाव झालं. भावानेही केलं नसतं ते वामनने केलं, असं लोक म्हणाले. डोळा गेला. नागपुरात वाचला नाही, मग त्याला दूरच्या एका मिशनच्या दवाखान्यात हलवलं, तिथे तो अडीच महिने होता. परत आला तेव्हा चाकू खुंटावर न पडता बोटावर पडायला लागला होता. एका डोळ्याने लांबी-खोली कळत नाही. तो तुकडा मग मी मागितला नाही. त्यानेच दिला. "दुसऱ्या कोनाले देऊ?" म्हणाला. "तू नसता त मी त्या खडकावरच मेलो असतो." रजिस्ट्रीच्या कागदावर सही करताना त्याचं पेन ओळीच्या खाली गेलं. मी त्याचा हात धरून ओळीवर आणला.

बायकोला घेऊन तो तिच्या माहेरी, रामाकोन्याला गेला.

आता त्या तुकड्याचं सांगतो. पहिल्याच उन्हाळ्यात मी कडुनिंब तोडला, सावली पडते म्हणून. त्याच्या पन्हेरीवर नांगर फिरवला, जंभेरीची कोवळी रोपं फाळाखाली हाडं मोडल्यासारखी मोडली. तिथे संत्रा लावला, विहिरीवर मोठी मोटर बसवली. आमचं राहतं घर पाडून नवं बांधलं, चकचकीत फरशी घातली, दारात नवी चारचाकी आली, मग दुसरी आली. प्रत्येक वस्तू घरी येताना दारापर्यंत चांगली दिसायची. उंबरा ओलांडला की मला तिचा कंटाळा यायचा. सहाव्या वर्षी त्या दीड एकरातल्या झाडांना डिंक्या लागला. खोडाची साल चिरून पिवळा चिकट डिंक वाहायला लागला, झाडामागून झाड. मी करवत लावली. कापताना खोडातून ओघळ आला आणि माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत गेला. मी करवत तिथेच टाकून घरी आलो आणि बायकोवर कारण नसताना हात उचलला. तिचं नाव कुसुम. तिने मार खाल्ला आणि विचारलं, "तुमाले झालं काय एवढ्या वर्षापासून?" माझ्याकडे उत्तर होतं. ते सोडून मी सगळं बोललो.

नवीन कलमं हवी होती. साऱ्या व्यापाऱ्यांनी एकच नाव सांगितलं, रामाकोन्याचा शेषराव. एका डोळ्याने तो पुन्हा शिकला होता, आता डोळ्यावर नाही तर बोटांवर चालायचा. सौंसरच्या मंडीतून परतताना मी मोटरसायकल तिकडे वळवली. कलमं हे निमित्त होतं. खरं म्हणजे मला बघायचं होतं, त्याला काही संशय आहे का.

तो भाड्याच्या पाव एकरात उकिडवा बसला होता. मागे टिनाची शेड, शेडला साधा लाकडी क्रूस, बाभळीचाच असावा. उजव्या डोळ्याने मला बघितलं आणि उठून मिठी मारली. अंगाला माती, घाम. "अवं, बघ कोन आलं!" त्याने बायकोला, शांताबाईला हाक मारली. "माझा वामन!" भाकर, आंबाडीची भाजी आणि ठेचा. घरात दोन पातेली, एक बाज, खुंटीला दोन सदरे. मी चोरून शोधत होतो: कुठे हळहळ, कुठे टोमणा, कुठे माझ्याकडे बघताना जड झालेली पापणी. काहीच नव्हतं.

"गावात बोलतात ना तुले, येशूचा झाला म्हणून?" मी विचारलं.

"बोलतात ना. म्हणतात, शेषराव, येशूनं काय देल्लं बे तुले, गहू का गोळ्या?" तो खदखदून हसला. "मी म्हणतो, झोप देल्ली."

"झोप?"

"हाव. दवाखान्यात एक म्हातारी सिस्टर होती. मी रागानं भांडे फेकून राहिलो होतो. ते रोज येऊन उचले अन् माझ्यासाठी प्रार्थना करे. एक दिवशी म्हणलं, तुह्या देवालेच सांग मले डोळा दे म्हणून. ते म्हणे, त्याचेच हात फोडले लोकायनं, तो तुले डोळा काय देईन, पन तुह्यापाशी बसून राहीन. अन् बसला, वामन. आतापर्यंत उठला नाही."

जेवण झाल्यावर त्याने मला बाजेवर टेकायला सांगितलं. भर दुपार, माशा, टिन तापलेलं. मी कित्येक वर्षांनी सलग तीन तास झोपलो. त्या माणसाच्या घरात, ज्याचा डोळा मी फोडला होता. जागा झालो तेव्हा तो पायथ्याशी बसून पुठ्ठ्याने मला वारा घालत होता.

मग मी जातच राहिलो. आधी महिन्याने, मग दर रविवारी. शेडमध्ये पंधरा-वीस माणसं सतरंजीवर बसायची. मोलमजुरी करणारी, दोन विधवा, एक निवृत्त पोस्टमन. महिन्यातून एकदा छिंदवाड्याहून पाद्रीबाबा यायचे. लोकांना वाटतं, मला तिथे येशूने दगड उगारलेल्या जमावापासून एका बाईला वाचवलं ती गोष्ट लागली असेल. नाही. मला लागली ती एका राजाची. त्याच्याकडे सगळं होतं आणि त्याला शेजाऱ्याचा मळा हवा होता. मिळेना म्हणून तो भिंतीकडे तोंड करून जेवेना. मग शेजाऱ्याला गोट्यांनी मारवलं आणि मळा घेतला. पाद्रीबाबा वाचत होते आणि मी सतरंजीचं सूत उसवत होतो. इतक्या जुन्या काळी, इतक्या लांबच्या देशात कोणी मला बघून ठेवलं होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. आणि त्याच शेडमध्ये, त्याच भीतीच्या आत, पहिल्यांदा असंही वाटलं की मला हाकलून दिलेलं नाही. घरी गेलो, फरशीवर बसलो. मला ती फरशी नको वाटली, रागाने नाही, पोट भरल्यावर ताट नको वाटतं तशी.

पण एक होतं. मी नेहमी शेषरावच्या डाव्या बाजूला बसायचो. आंधळ्या बाजूला. तिकडून त्याला मी दिसत नसे. प्रभुभोजनाची, येशूच्या आठवणीत भाकर वाटायची, थाळी आली की तो भाकरीचा तुकडा घेऊन थाळी डावीकडे धरायचा, हवेत, अंदाजाने. मी ती हातात घेऊन, तुकडा न घेता, तशीच पुढे द्यायचो. ती भाकर बाप्तिस्मा घेतलेल्यांची, आणि तो मी घेतला नव्हता. पाद्रीबाबा दर वर्षी विचारायचे, "वामनभाऊ, काय अडतंय?" मी म्हणायचो, पोरगा ऐकत नाही, समाज बोलेल. हे खोटं होतं. समाज काय, तो बोलून मोकळा झाला होता.

अडत होतं ते हे की शेषराव साक्ष द्यायला, देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायला, उभा राहिला की दर वेळी तेच सांगायचा. "परमेश्वरानं मले मरू नाही देल्लं. दोन मानसं धाडली. एक ते सिस्टर, अन् एक हा वामन. पाण्यात उडी मारली यानं, गोट्याइच्या पावसात." सगळे माझ्याकडे बघायचे. विधवा डोळे पुसायच्या. मी खाली बघायचो, आणि लोक म्हणायचे, किती नम्र माणूस आहे.

खरं सांगितलं असतं तर त्याच्या साक्षीतला अर्धा भाग कोसळला असता. उरलेला अर्धा उभा राहील का, हे मला माहीत नव्हतं. त्याच्याकडे ना जमीन होती, ना डोळा. ती शांतीच काय ती होती. तीही मी घ्यायची? हा विचार करत मी कित्येक वर्षं गप्प राहिलो आणि त्याला दया समजलो. दया नव्हती. तो मला "माझा वामन" म्हणायचा, ते मला सोडायचं नव्हतं. तीस एकर सोडले असते, ते नसतं सोडलं.

मागल्या वर्षी, गोटमारीच्याच दिवशी, मी रामाकोन्याला गेलो. शेषराव गिऱ्हाइकासाठी कलमं काढत होता. मुळ्यांभोवती ओला चिखल थापायचा आणि गवतात बांधायचं. दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलाचे. मी त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

"आज काऊन आला? गोटमार सोडून?"

"शेषराव, तो गोटा माझा होता."

"कोनता गोटा?" त्याने पुढचं कलम उचललं.

"तुह्या डोळ्याले लागला तो."

त्याचे हात थापत राहिले. एक कलम बांधून झालं. दुसरं घेतलं.

"एवढ्या गर्दीत लागते एखादा," तो म्हणाला. "त्याचं काय घेऊन बसला तू?"

इथे तो मला सोडत होता. आमच्या गावचा कायदा मला सोडत होता. मी हो म्हणून त्याच्या गळ्यात पडलो असतो तर संपलं असतं.

"गोफण होती," मी म्हणालो. "नेम धरून मारला. तुकड्यासाठी."

मग त्याचे हात थांबले. तो उठला. मी त्याला कधी रागात बघितलं नव्हतं, त्याच्या तोंडावर तो राग बसत नव्हता, दुसऱ्याचा सदरा घातल्यासारखा दिसत होता. पहिला ठोसा माझ्या जबड्यावर बसला. दात तुटल्याचं माझ्या जिभेला कळलं. मी पडलो. तो माझ्या छातीवर गुडघा देऊन बसला आणि चिखलाच्या हातांनी मारत राहिला, नाकावर, कानावर, गळ्यावर. अंदाज चुकायचा तेव्हा मूठ माझ्या डोक्याशेजारी जमिनीवर आदळायची; तो अंदाजही मी फोडलेल्या डोळ्यामुळेच चुकायचा. माझ्या तोंडात माती आणि रक्त होतं. शांताबाई ओरडत आली, "मरून जाईन ना तो! सोडा!" तिने त्याला मागून ओढलं. तो धापा टाकत उभा राहिला. रिकाम्या खोबणीतूनही पाणी येत होतं, हे मी तेव्हा पाहिलं.

"मी तुह्या नावानं देवाले धन्यवाद देल्ला," तो म्हणाला. "वीस वर्ष. सकाळ-संध्याकाळ. माझ्या साक्षीतून निंघ. निंघ!"

मी निघालो. मोटरसायकलला किल्ली लागेना, ती तशीच टाकून चालत थांब्यावर आलो. बसमध्ये कंडक्टरने माझं तोंड बघितलं, रुमाल बघितला.

"काय भाऊ, गोटमारीहून आले काय?"

"हाव," मी म्हणालो.

"जिंकलं कोन?"

मी खिडकीबाहेर बघितलं. सौंसरपर्यंत दोन्ही बाजूंनी बगीचे होते, हिरव्या फळांनी लदलेले, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला त्यातला एकही हवासा वाटला नाही. जबडा ठणकत होता. आत कुठेतरी गोफणीची दोरी सुटली होती.

त्या सांजेला कुसुमला सांगितलं. तिने चूल विझवली आणि बराच वेळ राख उकरत बसली. "म्हणजे मले मारलं ते त्याच्यापायी," म्हणाली. पोराला सांगितलं, तुकडा परत द्यायचा आहे. तो म्हणाला, "बाबा, तुमचं डोकं फिरलं." तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. हे मी सोसायचं आहे.

पुढच्या रविवारी मी गेलो. आत गेलो नाही. दाराबाहेर चपलांपाशी बसलो. शेषरावने मला बघितलं आणि तोंड फिरवलं. त्या दिवशी त्याने साक्ष दिली नाही. दुसऱ्या रविवारी तो उभा राहिला, तोंड उघडलं आणि तसाच खाली बसला. पोस्टमनने विचारलं, "बरं नाही काय, शेषराव?" तिसऱ्या रविवारी तो म्हातारा दिसायला लागला होता. डोळ्याखाली काळं, दाढी वाढलेली. मी बाहेर बसून ते बघत होतो आणि मनात म्हणत होतो, प्रभू, मी दुसऱ्यांदा मारला त्याला. हा गोटाही नेम धरूनच लागला.

चौथ्या रविवारी पाद्रीबाबा आले होते. प्रार्थना सुरू व्हायच्या आधी शेषराव दारात आला. चपलांमध्ये माझ्यासमोर उकिडवा बसला, कलमांसमोर बसतो तसा. आजूबाजूला कोणी नव्हतं.

"दात पडला काय?"

"दोन."

"हं." त्याने एक चपल उचलून सरळ ठेवली. "डोळा गेला, तरी मी झोपलो. जमीन गेली, घर गेलं, तरी झोपलो. तुह्या नावाचा राग धरला अन् माझी झोप गेली. महिना झाला. देव बसला होता माझ्यापाशी, तो अजून तिथंच आहे, पन मीच पाठ करून बसलो त्याच्याकडे." त्याने दुसरी चपल उचलून तिच्या जोडीला ठेवली. "तुह्यासाठी नाही करून राहिलो मी हे, समजला? माझ्यासाठी करून राहिलो. तुले माफ नाही केलं त मीच मरतो."

मी हात जोडले.

"अन् तुकडा," तो म्हणाला. "कागद घेऊन ये. घेतो ना. काऊन नाही घेऊ? माझाच होय." मग, हसू येऊ न देता, "कडुनिंब तोडला म्हणे तू?"

"हाव."

"गधा आहे."

तो उठला. मी त्याच्या मागून आत गेलो, डोकं खाली घालून, आणि सवयीने त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसलो. पाद्रीबाबांनी पुस्तक उघडलं होतं. शेषरावने मान पूर्ण वळवली, त्याला डावीकडचं बघायला पूर्णच वळवावी लागते, आणि उजव्या हाताने आपल्या दुसऱ्या बाजूच्या सतरंजीवर थाप मारली.

"इकून बस. तिकून मले दिसत नाही."

मी उठलो, त्याच्या गुडघ्यांवरून ओलांडून पलीकडे गेलो आणि बसलो. तो बघत होता. मी बघू दिलं.